छिद्रांवर पीएचडी करायची आहे? नागपुरातून सुरुवात अशी करा

एमएस्सीचे निकाल लागले की आठवडाभरात फोन सुरू होतात. “सर, नमस्कार. ॲनालिटिकल केमिस्ट्रीत पीएचडी करायची म्हणतो. मॉफवर. कुठे व्हेकन्सी आहे का?” मी विचारतो, “मॉफचं काय मोजणार?” पलीकडे शांतता. मग हळूच, “म्हणजे... बनवणार, सर.”

मॉफ, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची छिद्रं असलेली जाळी, बनवणं सोपं आहे, बाप्पा. झिंक नायट्रेट एका बीकरमध्ये, २-मिथाइलइमिडाझोल दुसऱ्यात, दोन्ही मेथनॉलमध्ये विरघळवायचं आणि एकत्र ओतायचं. खोलीच्या तापमानालाच दुधासारखं पांढरं होतं. ते झेडआयएफ-८, एक मॉफ. वेगळं काढा, धुवा, वाळवा. बीएस्सीचा पोरगाही करेल. पीएचडी त्यानंतर सुरू होते: या पावडरीत छिद्रं किती, केवढी, त्यांत काय शिरतं, किती शिरतं, आणि हे तुम्ही कशावरून म्हणता? ज्यांनी अजून एकही अर्ज भरलेला नाही, पण या “कशावरून”ची गोडी लागू शकेल, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय.

पायरी १: आपण कशात पडतोय ते बघा

सच्छिद्र पदार्थ म्हटलं की हल्ली सगळ्यांना मॉफच आठवतात. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना त्याच कामासाठी मिळालं, त्यामुळे आता तर विचारायलाच नको. पण घराणं जुनं आहे. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने एक दगड तापवला तर तो उकळल्यासारखा बुडबुडला, वाफ सोडू लागला. त्याने नाव ठेवलं झिओलाइट, उकळणारा दगड. आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात, जळगाव-नाशिक-पुण्याकडच्या खाणींत हेच झिओलाइटचे स्फटिक इतके देखणे निघतात की जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत. त्याशिवाय सक्रिय कोळसा आहे, सिलिका आहे, ॲल्युमिना आहे, आणि २००५ पासून कॉफ म्हणून ओळखले जाणारे निव्वळ सेंद्रिय जाळीदार पदार्थ आहेत.

आकारमानाची भाषा पाठच करून टाका, मुलाखतीत हमखास विचारतात. २ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रं ती मायक्रोपोर, २ ते ५० मेसोपोर, ५० च्या वर मॅक्रोपोर. एमएस्सीला एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) चालवलं असेल तर मेसोपोरस पदार्थ तुम्ही हाताळलेला आहे. त्या स्टीलच्या कॉलममध्ये ठासलेली सिलिका बहुधा १० नॅनोमीटरच्या आसपास छिद्रांची असते. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ १००० चौरस मीटर भरू शकतं. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. म्हणजे चिमूटभर कोळशात साडेसात मैदानं घडी घालून ठेवलेली.

ॲनालिटिकलवाल्यासाठी यात दोन वाटा आहेत. एक म्हणजे छिद्रं मोजणं: पृष्ठफळ, आकारमान, किती अधिशोषण होतं (म्हणजे छिद्रांत किती चिकटतं), किती वेगाने, परत सोडतं का. दुसरी म्हणजे छिद्रांचा हत्यार म्हणून वापर: पाण्यातलं सूक्ष्म प्रमाणातलं कीटकनाशक किंवा औषधाचा अंश आधी सच्छिद्र पदार्थावर गोळा करायचा, थोड्या द्रावकात सोडवून घ्यायचा आणि मग एचपीएलसीवर किंवा जीसी-एमएसवर (वायुरूपात घटक वेगळे करून ओळखणाऱ्या उपकरणावर) मोजायचा. दुसऱ्या वाटेकडे मुलं फारशी वळत नाहीत. माझ्या मते नोकरीच्या दृष्टीने तीच जास्त भक्कम आहे, कारण औषध कंपनी असो की अन्नतपासणीची लॅब, तिथे लागतो तो पद्धत बसवता येणारा आणि ती बरोबर असल्याचं सिद्ध करता येणारा माणूस. मॉफ बनवणारा लागत नाही.

पायरी २: कुठल्या दारातून आत शिरणार

युजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे मास्टर्सला ५५ टक्के हवेत. एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सूट. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं तर ७५ टक्के. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, एकूण मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं.

मग परीक्षा. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्राची. केमिकल सायन्सेसचा पेपर ३ तासांचा, २०० गुणांचा: ‘अ’ भागात २० पैकी १५, ‘ब’ भागात ४० पैकी ३५ आणि ‘क’ भागात ६० पैकी २५ प्रश्न सोडवायचे, चुकलं की प्रश्नाच्या गुणांपैकी चौथा हिस्सा कापला जातो. इथे ॲनालिटिकल स्पेशलायझेशनवाल्यांना एक दुखणं आहे, ते आधीच सांगतो. दुसरं वर्ष तुम्ही टायट्रेशन आणि उपकरणांत घालवता, आणि पेपर मात्र ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक आणि फिजिकलचा असतो. ॲनालिटिकलचे प्रश्न मोजकेच. म्हणून क्वांटम, स्पेक्ट्रोस्कोपी आणि ऑरगॅनिकच्या अभिक्रिया दुसऱ्या वर्षात सोडून देऊ नका.

२०२४ पासून नेटचा निकाल तीन वर्गांत लागतो: जेआरएफसह (म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसह), सहायक प्राध्यापक पात्रतेसह, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी. मागच्या दोन वर्गांना प्रवेशात नेटच्या गुणांचं वजन ७० टक्के आणि मुलाखतीचं ३० टक्के, आणि प्रवेशासाठी ते गुण वर्षभरच चालतात. बरीच मुलं “नेट निघाली” म्हणून निवांत बसतात आणि वर्ष उलटून जातं.

गेटचा रसायनशास्त्राचा पेपर फेब्रुवारीत, स्कोअर ३ वर्षं चालतो. महाराष्ट्राची सेट प्राध्यापकीला उपयोगी, पण तिच्यासोबत फेलोशिप येत नाही. विद्यापीठाची स्वतःची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा, आहेच. या चौघींपैकी कुठली कुठे चालते ते दर वर्षीच्या जाहिरातीत बघायचं. सिनिअरच्या तोंडून ऐकलेला नियम बहुतेकदा दोन वर्षं जुना असतो.

पायरी ३: नागपुरात कुठे काय आहे

शहराचा फायदा असा की चारही ठिकाणं स्कूटीवर एका दिवसात पालथी घालता येतात. मे महिना सोडून.

अमरावती रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग. विद्यापीठ १९२३ चं. त्याच्या छत्राखाली शहरातली आणि जिल्ह्यांतली संशोधन केंद्रं म्हणून मान्यता असलेली कॉलेजं येतात, शासकीय विज्ञान संस्थेसारखी जुनी संस्थाही त्याच परंपरेतली. इथे गाइडला जागा शिल्लक आहे का आणि केंद्राची मान्यता चालू आहे का, या दोन गोष्टींवर सगळं अडतं.

साउथ अंबाझरी रोडवर व्हीएनआयटी, म्हणजे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था. १९६० चं व्हीआरसीई, म्हणजे प्रादेशिक अभियांत्रिकी कॉलेज, २००२ पासून राष्ट्रीय संस्था. रसायनशास्त्र विभाग आहे, पण केमिकल, मेटलर्जी आणि सिव्हिलचे पर्यावरणवालेही सच्छिद्र पदार्थांवर काम करतात. फक्त ‘केमिस्ट्री’ लिहिलेल्या दारावर टकटक करून परत फिरू नका. हेच लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटचं, म्हणजे आपल्या एलआयटीचं. १९४२ ची संस्था, आता स्वतंत्र विद्यापीठ. तिथला कल तंत्रज्ञानाकडे.

वर्धा रोडच्या बाजूला नेहरू मार्गावर नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली, १९७४ मध्ये आजचं नाव मिळालं. इथली पीएचडी ॲक्सिरची, म्हणजे सीएसआयआरच्या प्रयोगशाळांसाठी असलेल्या अकादमीची पदवी. प्रवेश जानेवारी आणि ऑगस्ट अशा दोन सत्रांत, आणि जेआरएफ किंवा तशी फेलोशिप हाताशी असेल तर बोलणंच वेगळं होतं. कोळशाच्या राखेपासून झिओलाइट बनवण्याचं काम याच संस्थेत झालं आहे; ज्या शहराच्या वेशीवर कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या धूर सोडतात, तिथे ते होणारच होतं.

वाडीला ॲल्युमिनिअम संशोधन केंद्र आहे, सिव्हिल लाइन्सला भारतीय खाण ब्यूरो, सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय. यांच्याकडे पीएचडीला थेट प्रवेश मागायला जाऊ नका, पण खनिजांचं रासायनिक विश्लेषण जाणणारी माणसं तिथे आहेत, आणि पुढे सॅम्पल किंवा सल्ला लागला की ही दारं आठवतात.

पायरी ४: गाइड

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. विषय बदलता येतो, गाइड बदलणं म्हणजे अर्ध्यात घर मोडण्यासारखं.

आधी कागदावरचा हिशेब. नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ विद्यार्थी. ज्यांच्या निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरलीत त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. “जागा आहे का” या प्रश्नाचा खरा अर्थ एवढाच. केसांकडे बघून अंदाज बांधू नका, सरळ विचारा.

मग शोधगंगेवर जा. देशातल्या पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. ज्यांच्याकडे जायचा विचार आहे त्यांच्या मागच्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा आणि सारांशाच्या नादी न लागता दोनच जागा वाचा: प्रयोगपद्धतीचं प्रकरण आणि ऋणनिर्देश. पृष्ठफळ कुठल्या उपकरणावर मोजलं, ते त्याच इमारतीत होतं की सॅम्पल पुण्या-मुंबईला पाठवलं, हे पद्धतीत कळतं. ऋणनिर्देशात बाकीचं. “एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची तपासणी) करून दिल्याबद्दल अमक्या संस्थेचे आभार, एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) तमक्या संस्थेचे आभार” अशी यादी अर्ध्या पानाची असेल तर लॅबमध्ये काय नाही ते समजलं. नसणं हा गुन्हा नाही. बहुतेक लॅबचं तेच आहे. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवरून देशभरची उपकरणं पैसे भरून बुक करता येतात. पण तुमच्या ६ वर्षांतली किती वर्षं कुरिअरची वाट बघण्यात जाणार, ते आत्ताच कळलेलं बरं. आणि हो, पदवी लागायला किती वर्षं लागली ते नोंदणीच्या आणि प्रबंधाच्या तारखांवरून काढा.

ईमेल इंग्रजीतच जाईल, पण तो “रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट” असा नको. चार ओळी पुरे. तुम्ही कोण, कुठली परीक्षा कधी पास. त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला आणि त्यातली कुठली आकृती तुम्हाला कळली नाही. कुठली उपकरणं स्वतःच्या हाताने चालवली. भेटायला कधी येऊ. “कळली नाही” हे लिहायला मुलं घाबरतात. माझ्याकडे वर्षभरात येणाऱ्या मेलपैकी मला लक्षात राहतात ते असेच.

भेटायला गेलात की गाइडशी बोलून झाल्यावर लॅबमध्ये जायची परवानगी मागा. तिथल्या सिनिअरशी, शक्यतो मॅडम-सर आसपास नसताना, चहा प्या. मी विचारतो तेच तुम्ही विचारा: “दादा, शेवटचं सॅम्पल कधी लागलं?” उपकरणाशेजारी लॉगबुक लटकलेलं असतं. शेवटची नोंद मागच्या आठवड्याची असेल तर उपकरण जिवंत आहे. सात महिन्यांपूर्वीची असेल तर ते शोभेचं; एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, संपलेली, इंजिनिअर येणार-येणार म्हणून राहिलेला. पृष्ठफळ मोजायला लागणारा लिक्विड नायट्रोजन कोण आणतं, कधी येतो, तेही विचारा. मे महिन्यात सकाळी भरलेला ड्युअर (नायट्रोजनचं थर्मासारखं भांडं) संध्याकाळपर्यंत किती उरतो हे ज्याला तोंडपाठ आहे तो माणूस खरंच काम करतो.

पायरी ५: विषय

विदर्भात राहून विषयासाठी लांब बघायची गरज नाही. कोराडीची राख आहे. संत्र्याच्या साली आहेत, कपाशीच्या पऱ्हाट्या आहेत, तुरीच्या तुराट्या आहेत. साली-काड्या हवा कोंडून भाजल्या की त्यांचा सक्रिय कोळसा करता येतो. (संत्र्याच्या सालीवर शोधनिबंधांचा पाऊस पडलाय. फक्त “नागपुरी संत्र्याची साल वापरली” यात नवीन काही नाही.) आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, पर्यायी स्रोत नसेल तर १.५. तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत नीरीनेच काढली.

समजा तुम्ही ॲल्युमिनिअम असलेला एखादा सच्छिद्र पदार्थ बनवला आणि फ्लोराइडवर लावायचं ठरवलं. लिटरला १० मिलिग्रॅम फ्लोराइडचं द्रावण, ५० मिलिलिटर, त्यात ०.१ ग्रॅम पावडर. शेकरवर ठेवलं, गाळलं, इलेक्ट्रोडने मोजलं: २ मिलिग्रॅम उरलं. म्हणजे लिटरला ८ मिलिग्रॅम गेलं, ५० मिलिलिटरमधून ०.४ मिलिग्रॅम, भागिले ०.१ ग्रॅम, क्षमता ग्रॅमला ४ मिलिग्रॅम. खूश होऊन आलेख काढायला बसाल.

थांबा. तुमच्या पावडरीतून थोडं ॲल्युमिनिअम पाण्यात उतरलं असेल तर ते फ्लोराइडला मिठी मारून बसतं. इलेक्ट्रोडला फक्त मोकळं फ्लोराइड दिसतं, बांधलेलं दिसत नाही. ते पाण्यातच आहे, पण तुमच्या आकड्यात गायब. म्हणून मोजण्याआधी टिसॅब नावाचा बफर घालतात. त्यातला सीडीटीए ॲल्युमिनिअमला स्वतःकडे ओढून फ्लोराइड मोकळं करतो. टिसॅबचे वेगवेगळे पाठ आहेत आणि सगळ्यांत सीडीटीए नसतो! योग्य बफर घालून तोच गाळलेला नमुना मोजला आणि ५ मिलिग्रॅम आलं तर तुमची क्षमता ४ नव्हे, २.५. आणि गावातली बाई ते पाणी पिणार तेव्हा तिच्या पोटात ॲल्युमिनिअमही जाणार, ते वेगळं मोजायचं. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर बाजूला ठेवून खऱ्या बोअरचं पाणी आणायचं, ज्यात बायकार्बोनेट आहे आणि बाकीचे आयनही जागेसाठी भांडतात. तिथे २.५ चेही आणखी कमी होतात.

विषय निवडताना स्वतःला हाच प्रश्न विचारा: माझा आकडा खोटा कुठे निघू शकतो? उत्तर सुचत असेल तर विषय घ्या. काहीच सुचत नसेल तर अजून वाचन कमी आहे. वन नेशन वन सबस्क्रिप्शन २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून बऱ्याच सरकारी संस्थांतून मोठ्या प्रकाशकांची जर्नल्स थेट उघडतात. ज्या संस्थेत ओळख आहे तिथल्या लायब्ररीत दोन दिवस बसा.

पायरी ६: सिनॉप्सिस आणि आरआरसी

विद्यापीठात तुमचा आराखडा आरआरसीसमोर, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या समितीसमोर, जातो. दहा मिनिटं मिळतात. मुलं आठ मिनिटं प्रस्तावनेत घालवतात: “पाणी हे जीवन आहे.” समितीला ते ठाऊक आहे. दुसऱ्याच स्लाइडवर सांगा: काय बनवणार, काय मोजणार, कशावर, आणि ते उपकरण कुठे आहे. शीर्षक फार आवळून बांधू नका. “यवतमाळ जिल्ह्यातील तीन गावांसाठी अमुक मॉफ” असं नोंदवलंत आणि तो मॉफ पाण्यात विरघळला, तर शीर्षकबदलाच्या अर्जामागे सहा महिने जातात. बरेच मॉफ पाण्यात टिकत नाहीत, ही नेहमीची गोष्ट आहे.

वाङ्मयचौर्याची तपासणी होईल. युजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. इतरांची वाक्यं फिरवून फिरवून आकडा खाली आणण्यापेक्षा आपलं लिहिणं कमी कष्टाचं.

पायरी ७: पहिल्या वर्षी बीईटी शिका, स्वतःच्या हाताने

बीईटी म्हणजे ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांचं पृष्ठफळ काढायचं १९३८ चं समीकरण. उणे १९६ अंशांवर नायट्रोजन पदार्थावर थर धरतो, एक थर भरायला किती रेणू लागले ते काढायचं, दर रेणूला ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा धरून गुणायचं. गणित शाळकरी आहे. चुका त्याच्या आधी होतात.

माझीच सांगतो. राखेपासून बनवलेला झिओलाइट, जुलै महिना, बाहेर धो-धो. मी सॅम्पल नळीत घातलं, वजन लिहिलं, १२० अंशांवर दोन तास डिगॅस केलं, म्हणजे निर्वातात तापवून आतली हवा-पाणी काढलं, आणि मोजायला लावलं. पृष्ठफळ आलं ग्रॅमला २९० चौरस मीटर. एक्सआरडी सांगत होतं की झिओलाइट चांगला झालाय, मग इतकं कमी का? तीन आठवडे मी बनवण्याच्या पद्धतीला दोष देत बसलो. अल्कलीचं प्रमाण बदल, तापमान बदल. शेवटी बाजूच्या लॅबमधल्या एका ताईंनी एकच प्रश्न विचारला, “वजन कधी केलंस रे?”

डिगॅसच्या आधी. झिओलाइट पावसाळ्यात वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत पाणी धरून बसतो. मी पाण्याचं वजन पदार्थाच्या नावावर लिहिलं होतं. वर १२० अंशांत दोन तासांत ते सगळं पाणी निघालंही नव्हतं, त्यामुळे काही छिद्रं आधीच भरलेली. रात्रभर ३०० अंशांवर निर्वातात ठेवलं, थंड झाल्यावर नळीचं वजन केलं, रिकाम्या नळीचं वजा केलं. ४१०. पदार्थ पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

म्हणजे नियम असा: रिकामी नळी, डिगॅस, मग भरलेली नळी, आणि वहीत तिन्ही नोंदी तारखेसह. पण ३०० अंश सगळ्यांना चालत नाहीत. मॉफ तेवढ्या तापमानाला मोडू शकतो, म्हणून आधी टीजीए (तापवत तापवत वजन मोजणं) करून तो कुठे वजन गमावतो ते बघायचं. एचकेयूएसटी-१ हा तांब्याचा मॉफ तर रंगानेच सांगतो: पाणी धरलेलं असताना फिरोजी, सुकला की गडद जांभळट निळा. नळीत अजून फिरोजी दिसत असेल तर मोजायला लावू नका.

दुसरं, सॉफ्टवेअर आपोआप ०.०५ ते ०.३० सापेक्ष दाबाचे बिंदू घेऊन रेष मारतं. मेसोपोरससाठी ते चालतं. मायक्रोपोरस झिओलाइट-मॉफमध्ये छिद्रं त्याच्या कितीतरी आधी भरून गेलेली असतात. तिथे रुकेरॉल यांच्या निकषांप्रमाणे खालचे बिंदू निवडावे लागतात. बीईटी समीकरणातला ‘सी’ हा स्थिरांक ऋण आला असेल तर उत्तर कितीही गोंडस दिसो, ते टाकून द्या. आयुपॅकने, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २०१५ च्या शिफारशीत बारीक छिद्रांसाठी ८७ केल्व्हिनवरचा आरगॉन सुचवलाय, तो आपल्याकडे क्वचितच मिळतो, पण व्हायवात विचारलं तर माहीत असू द्या.

पैसे

जेआरएफला जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफला ४२,०००, घरभाडं वेगळं. नागपुरात एकट्याला यात व्यवस्थित भागतं. जेआरएफ नसेल तर राज्याच्या फेलोशिप बघा: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, जिचं मुख्यालय नागपुरातच आहे, आदिवासींसाठी टीआरटीआय. यांना बहुतेक वेळा पीएचडीची नोंदणी आधी लागते आणि पैसे उशिरा येतात, कधी एकदम साचून. पहिल्या वर्षाची सोय घरून किंवा तासिका तत्त्वावरच्या नोकरीतून करून ठेवा. गाइडच्या प्रोजेक्टवर जेआरएफ म्हणून लागलात तर प्रोजेक्ट कधी संपतो ते नेमणुकीच्या पत्रात बघा. तो तीन वर्षांत संपतो, पीएचडी संपत नाही.

बाहेर जायचं असेल तर

युरोपात पीएचडी ही नोकरी असते: जाहिरात येते, विषय ठरलेला असतो, पगार असतो. यूरॅक्सेस या पोर्टलवर “ॲनालिटिकल केमिस्ट्री” आणि “पोरस मटेरिअल्स” टाकून शोधा. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. नागपूरकराला ही अट वरदानच. जर्मन जाहिरातीत “६५ टक्के पद” दिसलं तर घाबरू नका, पगार त्या टक्क्यांत मोजतात, लॅबमध्ये पूर्ण वेळच जावं लागतं. ब्रिटनमध्ये फेलोशिप फक्त तिथल्या विद्यार्थ्यांची फी भरते का ते आधी वाचा. जाहिरातीतल्या अनिवार्य अटी आणि असल्यास उत्तम अशा अटी वेगळ्या असतात. दुसऱ्या यादीतलं अर्धं नाही म्हणून अर्ज सोडू नका. तिथल्या मुलाखतीत तुमच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टची त्रुटी विचारतात. डिगॅससारखी एखादी चूक आणि ती कशी सापडली, हे सांगता आलं तर बोलणं पुढे सरकतं.

कागदपत्रं

सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, टीसी, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, नेट-गेटचं प्रमाणपत्र, जात आणि जात पडताळणी, नोकरीत असाल तर एनओसी. नॉन-क्रीमी लेयर ३१ मार्चला संपतं, आणि प्रवेशाच्या जाहिराती निघतात जून-जुलैत, जेव्हा सेतू केंद्रात बारावीच्या पोरांची रांग दारापर्यंत आलेली असते. एप्रिलमध्ये जा.